गुळ्या थव्यात : उजव्या टोकाचं कोडं सुटलं

काल रात्री माझे चारही कॉकाटील (तुरेवाले छोटे पोपट) एकाच उंचीवर, एकाच पिंजऱ्यात, भांडणाशिवाय झोपले. पहाटे साडेपाचला पडवीच्या दाराआडून पाहिलं तेव्हाही तसेच होते. उजव्या टोकाला केसरी, त्याला चिकटून जाई, मग वीतभर रिकामी जागा, पुढे शेवंती आणि डाव्या टोकाला नवा आलेला गुळ्या. एक पाय पोटात, पिसं फुगवलेली, मान पाठीत खुपसलेली. कॉकाटील एका पायावर झोपला म्हणजे तो निर्धास्त आहे, हे तुम्हाला सांगायला नको. मी चहा ठेवायचा विसरून तिथेच उभी राहिले.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गुळ्याचं क्वारंटीन संपत आलं होतं. ४२ दिवस तो देवघराला लागून असलेल्या लहान खोलीत होता. त्याची भांडी वेगळी, त्याचं काम सगळ्यात शेवटी, आणि त्याच्याकडून आल्यावर हात धुऊन कपडे बदलायचे, तेव्हाच बाकीच्यांना हात लावायचा. एवढं कशाला, असं घरात विचारलं गेलंच. पण सिटॅकोसिस हा पोपटांचा आजार माणसालाही लागतो आणि आईचं वय सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे त्यात मी काहीच ढील दिली नाही. पणजीच्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली, मेगाबॅक्टेरिया ही पोटातली बुरशी नाही, जंत नाहीत. आला तेव्हा वजन ८४ ग्रॅम, पहिल्या आठवड्यात ७९ वर घसरलं होतं, आता ९१ आहे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा काटा ही या छंदातली माझी सगळ्यात सार्थकी लागलेली खरेदी. पक्षी आजार लपवतो, पण वजन लपवू शकत नाही.

त्यानंतर दोन आठवडे दोन पिंजरे शेजारी शेजारी, मधे हातभर अंतर. मग बैठकीच्या खोलीत, जिथे कुणाचाच हक्क नाही अशा जागी, रोज तासभर एकत्र मोकळे. शेवंतीने तिसऱ्याच दिवशी त्याच्यापुढे मान वाकवली आणि त्याने तिच्या तुऱ्यामागची पिसं विंचरली. ते पाहून वाटलं, आता झालंच. १ ऑगस्टला मोठ्या पिंजऱ्यात सोडला.

आणि तिथून संध्याकाळचं प्रकरण सुरू झालं.

दिवसभर काही नाही. राळ्याचं एक कणीस तिघे मिळून कुरतडतात, पाण्याच्या थाळीत दोघे एकदम उतरतात. पण पावणेसात झाले, कुळागरात (पोफळीच्या बागेत) अंधार उतरला, की गुळ्या वरच्या दांडीवरून उजवीकडे सरकायला लागायचा. एक पाऊल, थांब, एक पाऊल. उजवं टोक केसरीचं, चार वर्षांपासून. तो तुरा मागे चपटा करून फुस्स करायचा, तरी गुळ्या सरकायचाच. मग चोच थेट पायाच्या बोटांवर. गुळ्या खाली पडायचा, दोन मिनिटं पिंजऱ्याच्या तळाशी धापा टाकायचा आणि पुन्हा चढून पुन्हा उजवीकडे. पाऊण तास हेच. हा पक्षी बाकी इतका मऊ स्वभावाचा की खाण्यावरून कधी कुणाच्या वाटेला गेला नाही. मग एका जागेसाठी रोज मार का खातो, हे कळत नव्हतं.

मी केलेलं सगळं सांगते, म्हणजे तुमचे दिवस वाचतील. पहिल्यांदा वाटलं उंचीचा वाद. नव्या पक्ष्याच्या बाबतीत सगळे तेच सांगतात आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पेरूच्या दोन फांद्या तोडून, घासून, उकळतं पाणी घालून, उन्हाऐवजी पंख्याखाली वाळवून एकाच उंचीवर समांतर लावल्या. गुळ्या दुसऱ्या फांदीवर गेला आणि तिच्याही उजव्या टोकालाच गेला. केसरी इकडून वाकून तिकडे मारायला लागला. मग पिंजरा आतून पूर्ण बदलला: झोका काढला, भांड्यांच्या जागा बदलल्या, दांड्या तिरक्या केल्या, म्हणजे कुणालाच जुनी जागा ओळखता येऊ नये. दोन दिवस सगळे बावरले, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उजवं टोक. मग केसरीला रात्रीपुरता वेगळा ठेवून पाहिला. तो ओरडायचा, त्याला जाई उत्तर द्यायची, अर्धी रात्र तेच. गुळ्याला रात्री परत लहान खोलीत नेलं तर तो शांत झोपायचा, पण सकाळी मोठ्या पिंजऱ्यात आला की पुन्हा पाहुण्यासारखा कोपऱ्यात. तो उपाय म्हणजे एक पाऊल पुढे, दोन मागे.

नवव्या रात्री सगळ्यात वाईट झालं. दोनच्या सुमारास पिंजरा फुटतो की काय असा आवाज. नाईट फ्राइट, म्हणजे पक्षी रात्री दचकून अंधारात फडफडत सुटतात ते. ल्युटिनोंना, म्हणजे पिवळट पांढऱ्या कॉकाटीलना, हा त्रास जास्त असतो असं पाळणारे सांगतात, म्हणून मी आधी जाईकडे धावले, पण ती नुसती थरथरत होती. रक्त गुळ्याच्या शेपटीतून येत होतं. नवं, अजून रक्त भरलेलं पीस मुळाशी मोडलं होतं. टॉवेलात धरला, कॉर्नफ्लॉवर चिमटीत घेऊन जागेवर दाबून ठेवलं, मोबाइलच्या टॉर्चमध्ये. साताठ मिनिटांत थांबलं. त्याचं काळीज माझ्या तळहातावर इतक्या जोरात उडत होतं की वेगवेगळे ठोके कळत नव्हते. टॉर्चमध्ये, कारण वीज गेली होती. त्या रात्री हे मी वहीत लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला तो श्रावणी सोमवारी. संध्याकाळी सव्वासहालाच वीज गेली. आईने देवापुढे समई लावली. देवघराचं दार पडवीत उघडतं, पिंजऱ्याच्या डाव्या अंगाला. समईचा उजेड दारातून तिरका येऊन वरच्या दांडीच्या डाव्या टोकावर पडला, हाताच्या पंजाएवढा. मी मारामारी सोडवायच्या तयारीने बसले होते. गुळ्या दांडीवर आला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि डावीकडे चालत गेला. उजेडात जाऊन बसला. चोचीवर चोच घासायला लागला, निवांत पक्षी झोपेआधी घासतो तशी. तो कुरकुर आवाज ऐकला आणि माझ्या अंगावर काटा आला.

त्याला केसरीची जागा नको होती, त्याला उजेड हवा होता.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. पावसाची झड येते म्हणून मिरगापासून पिंजऱ्याची मागची आणि डावी बाजू मी जुन्या चादरीने झाकली आहे. सापांच्या भीतीने पडवीबाहेरचा बल्ब रात्रभर चालू असतो आणि त्याचा उजेड फक्त उजव्या टोकाला पोहोचतो. बाकी पिंजरा काळोखात. केसरीने चार वर्षांपूर्वी ती जागा का निवडली असेल हेही आता कळतं. आणि गुळ्या ४२ रात्री देवघराच्या लाल बल्बच्या उजेडात झोपला होता. त्याला ज्यांनी दिला त्या वास्कोच्या काकींना फोन केला. म्हणाल्या, "अगं, त्याच्यावर आम्ही कधी कापड टाकलंच नाही. हॉलातला छोटा दिवा रात्रभर असायचा." हे मी जूनमध्येच विचारायला हवं होतं. खाणं, औषधं, वय, सगळं विचारलं, पण रात्री कुठे आणि कसा झोपतो हे विचारलं नाही. नवा पक्षी घेणाऱ्यांनी हा प्रश्न यादीत वरच घालावा.

एका संध्याकाळवर विश्वास ठेवणं बरं नाही म्हणून मंगळवारी वीज असताना मुद्दाम समई लावली. गुळ्या मध्यावर जाऊन घुटमळला, शेवटी डावीकडे. बुधवारी बाहेरचा बल्ब बंद, फक्त समई. आता केसरीही डावीकडे आला आणि भांडण डाव्या टोकाला! म्हणजे उजेड सगळ्यांनाच हवा आहे, एकाच जागी असला की मारामारी. काल बाहेरचा बल्ब आणि डावीकडे लाल झिरोचा बल्ब, दोन्ही. पावणेसात ते सव्वासात मी दाराआड बसून होते. एकदाही फुस्स नाही.

पुढचं काम म्हणजे वीज गेली तरी हा उजेड जाऊ नये, कारण नवव्या रात्री नेमकं तेच झालं होतं. इन्व्हर्टर बल्ब आणायचं ठरवलं होतं, पण तो एकदम लख्ख पेटतो, झोपलेल्या पक्ष्याला तेही दचकवेल. पॉवर बँकवर छोटा दिवा लावून पाहिला तर वीज फारच कमी ओढली जाते म्हणून ती अर्ध्या तासात आपोआप बंद झाली. आणि आता हे लिहिता लिहिता सुचतंय: राउटरला आपण जो १२ व्होल्टचा लहान यूपीएस लावतो, त्याच्यावर १२ व्होल्टची एलईडी पट्टी चालेल. पट्टी दर तीन दिव्यांनंतर कापता येते. पिवळसर रंगाचे दोन तुकडे, एक एका टोकाला, पिंजऱ्याबाहेर, तारा चोचीपासून लांब. वीज गेली तरी झपकन काळोख नाही. मग बाहेरच्या बल्बवर अवलंबून राहायलाच नको. फोंड्याच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे उद्याच जाते. चादरीऐवजी पारदर्शक पत्रा लावायचा विचारही होता, पण सध्या एका वेळी एकच बदल.

पक्ष्यांचा दाणा कुठून आणते असं विचारलं होतंत म्हणून थोडक्यात. ऑनलाइन मागवलेल्या मिश्रणाची पिशवी या पावसातही कुबट वासाची निघाली, सगळी फेकली. बुरशी लागलेला दाणा म्हणजे पक्ष्याच्या यकृताला विष, निवडून घालण्याचा मोह नकोच. आता राळे, बाजरी, नाचणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून थोडं थोडं आणते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवते. समुद्रफेनावर, म्हणजे पक्ष्यांना कॅल्शियमसाठी कुरतडायला देतात त्या माणकीच्या हाडावर, मी पैसे घालवत नाही. माणकी साफ करणारी बाई पाठीतलं पांढरं हाड फेकून देते, ते मागून आणायचं, दोन दिवस पाणी बदलत भिजवायचं, उकळायचं, वाळवायचं. शेवंतीने कालच अर्धं संपवलं.

आणि ज्यांनी गुळ्याच्या जोडीला देशी पोपटाचं पिल्लू मिळतंय म्हणून कळवलं त्यांना: नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि आमच्या पोफळींवर ते थव्याने येतात तेच मला पुरे आहेत.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली, फटाके सुरू होतील. त्याआधी पट्टी लागायला हवी. गुळ्याच्या शेपटीत मोडलेल्या पिसाच्या जागी नवं टोक दिसायला लागलंय, भाताच्या दाण्याएवढं.