कोकणातलं बंद घर, वादळ आणि विमा

पुण्यात राहणाऱ्या कितीतरी जणांचं एक घर कोकणात असतं, कुणाचं आजोबांचं कौलारू, कुणी हौसेने दापोली-गुहागर साइडला प्लॉट घेऊन बांधलेलं, आणि गाडीचा इन्शुरन्स दोन दिवस लॅप्स झाला तरी अस्वस्थ होणारी हीच माणसं त्या घराच्या विम्याचं विचारलं की म्हणतात, अरे तिकडे कोण काढतं विमा. मला हे मनापासून पटत नाही, म्हणून लिहितोय. गेले काही महिने आमच्या घरासाठी पॉलिसी बघताना जे कळलं ते इथे टाकतो, कुणाला तरी उपयोग होईल.

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्राजवळ. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, वारा ताशी 110-120 किलोमीटर, आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोली सगळीकडे त्याने झोडपून काढलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं वादळात घर पडतं. तसं नसतं बहुतेक वेळा. जांभ्याच्या भिंतींना काही होत नाही. आधी आढ्यावरचे कोने, म्हणजे छपराच्या माथ्यावरची कौलं, उडतात, मग त्याखालची कौलं एकामागे एक सुटतात, रिपा उघड्या पडतात आणि मग पाऊस थेट माळ्यावर, माळ्यावरून खालच्या खोलीत, गाद्या, फ्रीज, मीटर, लाकडी पेट्या सगळं भिजतं. त्यानंतरची गंमत तर अजून वाईट, कारण सगळ्या पट्ट्यातली छपरं एकाच दिवशी गेलेली, त्यामुळे कौलं मिळेनात, पत्रे मिळेनात, ताडपत्रीचे भाव वाढलेले, सुतार तर बोलावून येईना, आणि लाइट कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे नव्हती. सरकारने तेव्हा मदत वाढवली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख असं जाहीर झालं, पण दीड लाखात घर उभं राहत नाही हे काय वेगळं सांगायला नको. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, तेव्हाही परत छपरं आणि बागा.

आता मुद्द्याचं. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक आयआरडीएआयने घरांसाठी एक स्टँडर्ड पॉलिसी आणली, भारत गृह रक्षा, आणि ती तेव्हा सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना द्यावीच लागायची. मूळ कव्हर तेव्हा सगळीकडे सेम होतं. त्यात आग, वीज, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड, झाड पडणं हे सगळं एकत्र येतं. हे एकत्र येणं किती मोठी गोष्ट आहे ते मला माझ्या मावसबहिणीशी बोलताना कळलं, ती फ्लोरिडात टँपाजवळ राहते. तिकडे घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याने झालेलं नुकसान मिळतं पण पुराचं नाही, पुरासाठी वेगळी पॉलिसी, ती बहुतेक लोक सरकारी फ्लड प्रोग्रॅममधून घेतात, तिथे घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलरचं कव्हर आणि सहसा 30 दिवसांचा वेटिंग पिरियड, म्हणजे टीव्हीवर वादळ दिसलं की घेऊन चालत नाही. वर हरिकेन डिडक्टिबल टक्क्यांत असतं, 4 लाख डॉलरचं घर आणि 2 टक्के म्हटलं तरी पहिले 8 हजार डॉलर स्वतःच्या खिशातून. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळात टँपा बेच्या आजूबाजूला समुद्राचं पाणी घराघरात शिरलं, आणि ज्यांच्याकडे फ्लड पॉलिसी नव्हती त्यांचं ते नुकसान त्यांच्या नेहमीच्या पॉलिसीत बसलंच नाही. ती म्हणाली, दादा, तुमच्याकडे दोन्ही एकाच कागदात मिळतं तर वाट कसली बघताय.

सगळ्यात जास्त गोंधळ रकमेचा होतो आणि माझ्या मते खरा निर्णय तोच आहे, कंपनी कुठली हा नंतरचा प्रश्न. एक एजंट मला प्लॉटसकट बाजारभाव लिहा म्हणत होता. जमीन वादळात उडून जात नाही, मग तिच्यावर प्रीमियम कशाला भरायचा? या पॉलिसीत रक्कम ठरते ती कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर अशी, म्हणजे तेच घर आज परत बांधायला किती लागतील. इथेच पुणेकर चुकतात, एकतर पुण्यातला दर डोक्यात असतो नाहीतर वीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हाचा. गावातल्या मिस्त्रीला विचारा आजचा रेट काय, जांभा खाणीवरून आणायचं भाडं काय, सागवान नको पण किमान बरं लाकूड वापरायचं तर किती, ते सगळं धरून आकडा काढा. पडवी, विहिरीवरची पंपाची खोली, गडगा म्हणजे कंपाउंड वॉल, गेट, पाण्याची टाकी, सोलर पॅनल हे पॉलिसीत घराचाच भाग धरले जातात, पण त्यांची किंमत आकड्यात मिळवलेली पाहिजे, एजंट आपणहून विचारत नाही. पूर्वीच्या पॉलिसीत 20 लाखांचं घर 10 लाखांना दाखवलं तर 4 लाखांच्या नुकसानीला 2 लाखच हातात यायचे, भारत गृह रक्षामध्ये ती कपात काढून टाकलीये, तरीपण सम इन्शुअर्डच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या रकमेच्या, वर दमडी मिळत नाही हे लक्षात ठेवा. घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप कव्हर येतं. वादळानंतर सात दिवसांत चोरी झाली तर तीही धरतात, आणि छप्पर उघडं पडलेल्या बंद घरासाठी हे फार कामाचं आहे.

बाग यात नाही. माड, पोफळी, आंबा यातलं काहीच नाही, आणि दिवेआगर-श्रीवर्धनला लोकांचं खरं कंबरडं मोडलं ते पोफळीच्या बागा आडव्या झाल्याने, कारण परत उत्पन्न सुरू व्हायला वर्षं जातात. आंबा-काजूला हवामान आधारित फळपीक विमा आहे पण तो ठरलेल्या हवामानाच्या आकड्यांवर चालतो, झाड पडलं म्हणून नाही.

बंद घराचं काय हा प्रश्न मी प्रत्येक कंपनीला ईमेलने विचारला, फोनवर नाही. वर्षातले बरेच महिने घराला कुलूप असतं, एक गडी येऊन झाडून जातो, हे सांगून लेखी उत्तर मागितलं. फोनवर सगळे हो हो म्हणतात. क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला सर्व्हेअर येतो आणि तो कागद बघतो.

सर्व्हेअरवरून आठवलं, झीज, वाळवी, जुनी गळती हे विम्यात येत नाही, आणि जुन्या घरात भांडण नेमकं इथेच होतं, वासा वाऱ्याने मोडला की आधीच वाळवीने पोखरला होता. म्हणून दर एप्रिलमध्ये माळ्यावर चढून प्रत्येक वाशाचे, आढ्याचे, कौलांचे तारखेसकट फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाकायचे. वादळानंतर परत तिथूनच फोटो, तलाठ्याचा पंचनामा, आणि ताडपत्री-मजुरीची बिलं जपून ठेवायची.

नावाचा घोळ तर घरोघरी आहे. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर, वारस सहा, राहतं कोणी नाही. ज्याचा घरावर हक्क आहे त्यालाच विमा काढता येतो, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर वारसांची नावं लावून घ्या, आमच्याकडे काका आणि आत्या यांच्या सह्यांसाठी मलाच फिरावं लागलं पण ते झालं हे फार बरं झालं. नवीन घर लोनवर असेल तर बँकेने पॉलिसी काढलीये म्हणून निवांत राहू नका, ती कितीची आहे बघा, बऱ्याचदा ती लोनच्या रकमेपुरतीच असते.

आणि कंपनीने क्लेम अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातच आहे, नारायण पेठेत, फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं.

अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, म्हणून आम्ही पॉलिसी एप्रिलपासून सुरू करतोय. काकांनी मिस्त्रीला रविवारी बोलावलंय, पडवीचं माप घेऊन झालं की फॉर्म भरणार. कुणी दापोली-श्रीवर्धन भागात खरंच क्लेम घेतला असेल तर सर्व्हेअरने काय काय मागितलं ते मला नक्की कळवा.