दिवेलागणीची मेथी

ह्यांचा ओव्हरटाइम बंद होऊन दोन महिने झाले. आज रिक्षा न करता पीएमपीनं मंडईत गेले. दिवसाचा पास जून २०२५ पासून ४० चा ७० झालाय, म्हणून जाताना तिकीट काढून बस, येताना पायी! अंधार पडला की मेथीची जुडी पडत्या भावात मिळते, हे आईचं जुनं गणित. तेव्हा तिच्याबरोबर ताटकळायची लाज वाटायची. आज मीच दिवे लागेपर्यंत थांबले. या आठवड्यात तूरडाळीला सुट्टी, कुळथाचं पिठलं. सगळ्यांना आवडतं (चिरंजीव सोडून, पण ते कशालाच हो म्हणत नाहीत).

रात्री वहीत हिशेब लिहिला. गजरा, १० रुपये. खोडावा का म्हणून पेन थांबलं, पण राहू दिलं. ह्यांनी वही चाळली आणि नुसतं हसले.