स्कूटरचा टॉप स्पीड: आधी बेल्ट मोजा, रोलर नंतर

जळगाव-भुसावळच्या चौपदरी रस्त्यावर ११० सीसीची स्कूटर सत्तरच्या पुढे सरकेना की माणूस "गाडी पयत नही भो" म्हणत थेट दुकान गाठतो आणि बेल्टच्या पुढच्या पुलीत हलके रोलर टाकून येतो. सिग्नलवरून गाडी झटकन उठते, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. पण मोकळ्या रस्त्यावर काटा जिथे अडायचा तिथेच अडतो, कधी तर आधीच अडतो. हलका रोलर म्हणजे जास्त वेग हा समज आधी डोक्यातून काढा. बहुतेक जुन्या गाड्यांचा टॉप स्पीड झिजेमुळे गेलेला असतो, आणि झीज भरून काढली की तो परत येतो.

डावीकडच्या लांबट कव्हरखाली दोन पुल्या आणि एक बेल्ट असतो. पुढच्या पुलीच्या सरकणाऱ्या भागात, म्हणजे व्हेरिएटरमध्ये, रोलर असतात, बहुतेक स्कूटरांत सहा. इंजिन फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन प्लेटा जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत मोठी स्प्रिंग आणि तिरक्या खाचांचा कॅम असतो, ते बेल्टला मागे ओढून धरतात. या ओढाताणीत इंजिन कोणत्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे) टिकतं, ते मुख्यतः रोलरचं वजन ठरवतं. रोलरचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून वजन १० टक्के कमी केलं तर आरपीएम साधारण ५ टक्केच वाढतो. जड रोलरने बेल्ट लवकर चढतो आणि इंजिन शांत राहतं. हलक्याने बेल्ट उशिरा चढतो आणि इंजिन ओरडतं.

बेल्ट पुढच्या पुलीवर अगदी कडेपर्यंत चढलेला असावा आणि त्याच वेळी इंजिन आपल्या कमाल ताकदीच्या आरपीएमजवळ असावं. टॉप स्पीडला हे दोन्ही लागतं. ॲक्टिव्हा ६जी ही ताकद ८००० आरपीएमला देते, बीएस-६ एनटॉर्क १२५ ७००० ला, २०२५ पूर्वीची बीएस-६ ॲक्सेस १२५ ६७५० ला. मित्राच्या ॲक्सेसला जमलेला रोलर तुमच्या ॲक्टिव्हात का चालत नाही, ते या आकड्यांवरून कळेल.

बेल्ट किती चढतो ते बघायला मार्कर पेन पुरतो. कव्हर काढा आणि पुढच्या पुलीच्या पंखांच्या प्लेटच्या आतल्या उतारावर, मध्यापासून कडेपर्यंत, जाड रेघ ओढा. कव्हर लावून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलवर दोन-तीन किलोमीटर चालवा, मग उघडून बघा. रेघ कडेपर्यंत पुसली असेल तर बेल्ट पूर्ण चढतोय. कडेला चार-पाच मिलिमीटर शाई शिल्लक असेल तर तुमचा हरवलेला वेग तिथे आहे.

शाई उरण्याचं पहिलं कारण म्हणजे झिजलेला बेल्ट. व्हर्नियरने रुंदी तीन-चार ठिकाणी मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. पुलीच्या प्रत्येक प्लेटचा उतार साधारण १४-१५ अंशांचा असतो, त्यामुळे बेल्ट रुंदीला १ मिमी झिजला की प्लेटा पूर्ण मिटल्यावरही तो जवळजवळ २ मिमी खाली बसतो. पुली इतकी लहान की तेवढ्यानेही टॉपचा रेशो, म्हणजे दोन पुल्यांमधलं प्रमाण, स्पष्ट घसरतो. बाहेरून धड दिसणारा बेल्टही असा वेग खातो, म्हणून नुसत्या डोळ्यावर विसंबू नका.

दुसरं कारण चपटे पडलेले रोलर. काचेवर हलकेच लोटून बघा. गोल रोलर सरळ गडगडतो, चपटा एका बाजूवर येऊन थांबतो. व्हेरिएटरच्या वाटेतही तो असाच थांबतो, शेवटपर्यंत जात नाही. रोलर सहाच्या सहा एकदम बदलायचे. सोबत रोलरच्या मागच्या रॅम्प प्लेटच्या कडेचे प्लास्टिकचे स्लायडर आणि व्हेरिएटर ज्यावर सरकतो तो मधला बुश बघा. बुशवर चर पडला असेल तर नवे रोलरही अडकणार. व्हेरिएटरमध्ये ग्रीस तुमच्या गाडीच्या मॅन्युअलने सांगितलं असेल तरच, आणि तेवढंच. नाहीतर कोरडं ठेवा.

हे दोन्ही ठीक असूनही शाई उरत असेल, तर कुणीतरी आधीच जास्त हलके रोलर किंवा मागे जास्त कडक स्प्रिंग टाकलेली असते. कडक स्प्रिंग बेल्टला घट्ट धरते, घाटात तिचा उपयोग होतो, पण सपाट रस्त्यावर ती बेल्टला चढू देत नाही आणि गरम करते. टॉप स्पीडसाठी कंपनीचीच स्प्रिंग ठेवा. ती दबून आखूड झाली आहे का, ते नव्या स्प्रिंगशेजारी उभी करून उंची बघितली की कळतं. क्लचच्या तीन छोट्या स्प्रिंगांचा टॉप स्पीडशी काहीही संबंध नाही. क्लच किती आरपीएमला पकडतो एवढंच त्या ठरवतात. वेग वाढेल म्हणून कुणी त्या बदलून देत असेल तर पैसे वाचवा.

सगळं दुरुस्त झाल्यावरच वजनाशी खेळायचं. स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा डिजिटल टॅकोमीटर लावा, नाहीतर सगळा अंदाजच. पूर्ण थ्रॉटलवर ४० ते ६० च्या दरम्यान आरपीएम कुठे टिकतो ते लिहून ठेवा, मग टॉपला किती होतो ते. शाई पूर्ण पुसली जातेय पण टॉपला आरपीएम कमाल ताकदीच्या बराच खाली आहे, तर रोलर जड आहेत: प्रत्येकी अर्धा ग्रॅम कमी करा. आरपीएम त्या आकड्याच्या वर गेलाय आणि शाई उरलीय, तर अर्धा ग्रॅम वाढवा. अर्ध्या ग्रॅमचा सेट मिळाला नाही तर एक ग्रॅमच्या फरकाचे तीन-तीन रोलर आळीपाळीने बसवा, म्हणजे समतोल राहतो. शाई पुसलेली आणि आरपीएमही बरोबर असेल, तर रोलरचं काम संपलं. पुढचा वेग इंजिनातूनच यावा लागेल.

रोलरवर छापलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका, झिजलेल्यांवर तर नाहीच. जळगावात सराफ बाजार हाताशी आहे. सोनाराच्या काट्यावर सहाही रोलर वेगवेगळे तोलून घ्या, दशांश ग्रॅमपर्यंत हिशेब लागतो.

वेग मोबाइलच्या जीपीएसवर मोजा, कारण स्पीडोमीटर बहुधा जास्तच दाखवतो. आणि दोन्ही दिशांना चालवून सरासरी घ्या. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. जूनच्या पश्चिम वाऱ्यात धुळ्याकडे जाताना आणि येताना एकाच गाडीचे आकडे वेगळे येतात, आणि लोक त्याचं श्रेय रोलरला देतात. दुभाजकाच्या चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ८० आहे, इतर बहुतेक रस्त्यांवर ६०. चाचणी पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, एकट्याने करा.

अपेक्षाही मापात ठेवा. वाऱ्याला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते: ८० वरून ९० वर जायला सुमारे ४२ टक्के जास्त ताकद लागते, आणि ती रोलर बनवून देत नाहीत. याउलट टायरचा हिशेब फुकट आहे. ९०/१००-१० टायरचा घेर साधारण १.३६ मीटर. रबर ४ मिमी झिजलं की घेर जवळपास पावणेदोन टक्के कमी, म्हणजे ८० ला दीड किलोमीटर गेला. हवा कमी असेल किंवा मागचा ब्रेक घासत असेल तर त्याहून जास्त.

आता जोडणी. सगळ्यात महाग चूक इथेच होते. व्हेरिएटर शाफ्टवर चढवताना मागची रॅम्प प्लेट अंगठ्याने दाबून धरा. ती सैल झाली तर रोलर जागेवरून निसटून आडवा बसतो आणि पहिल्याच फेरीत प्लेट फुटते. मग मागची पुली हाताने उघडून बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढे तो सैल लोंबेल. तसं न करता नट आवळला तर बाहेरची प्लेट बुशवर न टेकता बेल्टवर टेकते. नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, गाडी चालली की बेल्ट सरकतो, नट ढिला पडतो आणि क्रँकशाफ्टच्या खाचा खाऊन टाकतो. मग शंभर रुपयांच्या कामासाठी क्रँक उतरवावा लागतो. पुली धरायचा होल्डर आणि टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) वापरा, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला घ्या. एअर गनने अंदाजे आवळू नका. बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेला ठेवा, आणि पुलीच्या प्लेटा ब्रेक क्लीनरने पुसा. मागच्या कॅममधलं ग्रीस गळून बेल्टला लागलं असेल तर सील बदला, नाहीतर नवा बेल्टही घसरेल.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, आणि त्याचा खरा फटका या कव्हरखाली बसतो. पुढच्या प्लेटचे पंख बाहेरची हवा आत ओढतात, तीच गरम असते. काळ्या मातीची धूळ जाळीत बसली की तीही पुरेशी येत नाही. म्हणून हवेची वाट आणि कव्हरच्या आतली धूळ दर सर्व्हिसला साफ करा, तोंडाला रुमाल बांधून. जळक्या रबराचा वास आला तर थांबा, गरम कव्हरवर पाणी ओतू नका.

पाल किंवा तोरणमाळचा घाट रोज चढणाऱ्याने, किंवा रावेर-सावद्याकडे केळीच्या बागेतून माल वाहणाऱ्याने टॉप स्पीडच्या मागे लागू नये. जड रोलरने चढावर इंजिन आरपीएम सोडतं, गाडी गुदमरते. तिथे कंपनीचंच वजन किंवा किंचित हलकं बरं.

बेल्टवाल्या एटीव्हीला (शेता-माळावर चालणारी चारचाकी बाइक) हेच तत्त्व लागू आहे, भाग वेगळे. तिथे पुष्कळदा रोलरऐवजी पुढच्या क्लचमध्ये फ्लायवेट (फिरताना बाहेर झुकणारी वजनं) आणि स्प्रिंग असते, मागे हेलिक्स, म्हणजे तिरक्या उताराचा कॅम. मोठे टायर टाकले असतील तर फ्लायवेट हलकी करावी लागतात, आणि ओढकामाला नेहमी लो गिअर, नाहीतर बेल्ट जळतो.

आवळलेल्या नटावर आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर कव्हर उघडा. रेघ तुटली नसेल तर पुन्हा लावून टाका. तुटली असेल तर नट आवळू नका, पुली काढून खाचा बघा.