समुद्रातलं कार्ड आणि पाकिटातलं कार्ड

फोनवर बाईंचं पहिलंच वाक्य होतं, "कॅमेरा सापडला, आता उन्हात वाळवायला ठेवतोय." मी त्यांना तिथेच थांबवलं. "मॅडम, वाळवू नका. कार्ड लगेच बाहेर काढा, डिस्टिल्ड वॉटर भरलेल्या बरणीत टाका, झाकण घट्ट लावा आणि ती बरणीच पाठवा. आणि काहीही झालं तरी ते रीडरमध्ये घालून बघू नका."

पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. इतका काळ पाण्यात राहिलेलं कार्ड पुन्हा पाण्यातच घालायचं, हे ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. पण खाऱ्या पाण्यात पडलेल्या वस्तूचे खरे हाल ती बाहेर आल्यावर सुरू होतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, त्याला हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन मिळतो, आणि तळाशी सावकाश चाललेली तांब्याची झीज टेबलावर भराभर होऊ लागते.

मॅडम प्रवाळांच्या अभ्यासक. समुद्रतळावर मोजपट्टी टाकायची, तिच्या कडेने एक मीटरची चौकोनी चौकट ठेवत पुढे सरकायचं आणि प्रत्येक चौकटीचा वरून फोटो काढायचा, अशी त्यांच्या गटाची पद्धत. सर्वेक्षणाच्या शेवटी शेवटी कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचात पाणी शिरलं, पट्टा सुटला आणि सुरू असलेला कॅमेरा खडकांच्या कपारीत गेला. तो मिळेपर्यंत मध्ये पाणी तापल्याचा एक उन्हाळा येऊन गेला होता आणि तिथले बरेच प्रवाळ पांढरे पडले होते. म्हणजे पूर्वीच्या जिवंत प्रवाळांची चौकटीगणिक नोंद आता फक्त त्या कार्डावर होती. फोटो पुन्हा काढू म्हणण्याची सोय नव्हती.

मी डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि कॅमेऱ्यांची कार्डं हाच माझ्या टेबलावरचा मुख्य माल. एसडी कार्ड म्हणजे ३२ मिलिमीटर लांब, २४ रुंद आणि २.१ जाड अशी प्लास्टिकची चकती, वजन जेमतेम दोन ग्रॅम. १९९९ मध्ये ते बाजारात आणायचं ठरलं तेव्हापासून बाहेरचा आकार तोच आहे. आत फिरणारं, सरकणारं काही नाही. त्यामुळे हार्ड डिस्क ज्या पडण्याने कायमची जाते, त्या पडण्याचं कार्डाला काही वाटत नाही. माहिती असते ती सिलिकॉनमधल्या सूक्ष्म कोठड्यांत अडकवलेल्या इलेक्ट्रॉनांच्या रूपात. कोठडीभोवती विद्युतरोधक थर असतो, म्हणून वीज नसतानाही ते आतच राहतात. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी नँड प्रकारची फ्लॅश मेमरी १९८७ मध्ये मांडली, आणि आजची कार्डं त्याच तत्त्वावर चालतात. लोक मला चुंबकाबद्दल आणि विमानतळावरच्या एक्स-रेबद्दल फार विचारतात. रोजच्या वापरातल्या चुंबकाने कार्ड पुसत नाही आणि सामान तपासणीच्या एक्स-रेनेही फोटो जात नाहीत.

बरणी आली त्याच दिवशी दुपारी एक तरुण गिर्यारोहक आला. पाकिटातून त्याने मायक्रोएसडी कार्ड काढून दिलं. कार्ड स्वच्छ, कुठे ओरखडा नाही, सोनेरी पट्ट्या चकचकीत. कॅमेऱ्यातून काढलं तेव्हा चालत होतं, म्हणाला. घरी येऊन लावलं तर कुठलंच यंत्र ते ओळखेना. चढाईत कॅमेरा त्याच्या हेल्मेटवर होता. थंडीने बॅटऱ्या मान टाकत होत्या, पण कार्ड नीट लिहीत होतं. कार्डं साधारणपणे उणे २५ ते ८५ अंश सेल्सिअस एवढ्या पट्ट्यात चालण्यासाठी केलेली असतात, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

"ताई, हे तर सोपं असेल ना? पाण्यात वगैरे काही पडलेलं नाही." त्याची नजर शेजारच्या बरणीकडे होती. तिच्यातलं कार्ड हिरवट काळं पडलं होतं, स्टिकर गळून गेला होता, एका कडेला चुन्याचा पांढरा थर चढला होता.

मी त्याला विचारलं, "हे पाकीट कुठे ठेवतोस?"

"मागच्या खिशात."

मला पुढचं बरंचसं कळलं, पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नियम आहे. कार्ड काचेवर ठेवून बाजूने प्रकाश टाकला. मधोमध किंचित फुगवटा होता, बोटाला जाणवणार नाही इतका. मायक्रोस्कोपखाली मागच्या काळ्या पृष्ठभागावर एक रेघ दिसली. काठापासून निघालेली, जराशी वाकडी.

मायक्रोएसडी १५ गुणिले ११ मिलिमीटरचं आणि जास्तीत जास्त १ मिलिमीटर जाड असतं. त्यात वेगळं सर्किट बोर्ड, वेगळी चिप असं काही नसतं. कंट्रोलर, म्हणजे मेमरीतलं लिहिणं-वाचणं सांभाळणारी चिप, आणि मेमरी यांच्या सिलिकॉनच्या चकत्या एकावर एक रचून सगळं एकाच इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, ओतलेलं असतं. मोठ्या क्षमतेच्या कार्डात त्या चकत्या केसाहूनही पातळ घासलेल्या असतात. इपॉक्सी थोडं वाकून पुन्हा सरळ होतं. सिलिकॉन वाकत नाही, तडकतं. आणि तडा गेला की त्यावरच्या तारा तुटतात आणि त्या जोडणारं साधन कुणाकडेही नाही, निदान माझ्यासारख्यांच्या टेबलावर तरी नाही.

तरी मी थांबले नाही. मागचा काळा लेप फायबरच्या पेन्सिलीने घासला की खाली तांब्याचे बारीक ठिपके दिसतात. कारखान्यात चाचणीसाठी ठेवलेल्या त्या जागा असतात आणि त्यांच्यावर तारा जोडून कंट्रोलरला वळसा घालता येतो. मी तारा जोडल्या आणि मेमरीला तिची ओळख विचारली. उत्तर आलं नाही. पुन्हा जोडण्या तपासल्या, पुन्हा विचारलं. ज्या रेषेवरून उत्तर यायला हवं तिथे काहीच नव्हतं, आणि वीज देताच कार्ड एका बाजूला तापत होतं.

त्याला सांगताना मी आडवळण घेतलं नाही. "दादा, यातलं काही परत येणार नाही. दुसरीकडेही नेऊ नकोस. कुणी आशा दाखवली तरी पैसे देऊ नकोस." तो बराच वेळ बसून होता. मग त्याने विचारलं की डोंगरावर काही झालं असेल का. डोंगराचा यात काही दोष नव्हता. बसताना शरीराचा भार पाकिटावर पडतो आणि तो भार नेमका कार्डाच्या मध्यावर येतो, एवढीच गोष्ट. हेच कार्ड साध्या प्लास्टिकच्या डबीत असतं तर वाचलं असतं. डबी बहुतेक वेळा कार्डासोबतच येते आणि आपण ती फेकून देतो. याचा मला मनापासून त्रास होतो.

(पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाची गोष्ट थोडी वेगळी आहे. हल्लीच्या कितीतरी एसडी कार्डांत खरा जीव फक्त पिनांकडच्या भागात असतो, बाकीचं कवच पोकळ. मागचं टोक फुटलं म्हणून रडत आलेल्यांची कार्डं मी दुसऱ्या कवचात बसवून परत दिली आहेत. पिनांमधल्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडणं किंवा कडेचं कुलूप गळून पडणं, यानेही माहितीला काही होत नाही. त्या कुलपाला आत तार नसतेच. ते कुठे सरकलंय हे कॅमेऱ्याची खाच बघते, म्हणून ते गळालं की कार्ड कायमचं कुलूपबंद भासतं. तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी काम होतं.)

मग मी बरणीकडे वळले. आधी ताज्या डिस्टिल्ड पाण्याचे हात, मग अल्ट्रासॉनिक बाथ (ध्वनिलहरींनी द्रव हलवून मळ सुटा करणारं भांडं), मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे कार्ड जुन्या बांधणीचं होतं, आणि ते आमचं नशीब. कवच उघडल्यावर आत छोटा बोर्ड, त्यावर कंट्रोलर आणि ४८ पायांची वेगळी मेमरी चिप. नऊपैकी आठ पिना डागाळलेल्या पण जागेवर होत्या. चौथी जवळजवळ नाहीशी झाली होती. चौथ्या पिनेवरून कार्डाला ३.३ व्होल्ट वीज मिळते. खारं पाणी आत आलं तेव्हा कॅमेरा सुरू होता, म्हणजे त्या पिनेवर धन भार होता आणि बॅटरी संपेपर्यंत तिचं तांबं पाण्यात विरघळत राहिलं. नुसत्या पाण्याने एवढं झालं नसतं. पाण्यासोबत वीज आली की असं होतं. फोनवर रीडरबद्दल मी एवढ्या कडक शब्दांत बोलले ते याच कारणाने. ओलं कार्ड रीडरमध्ये घालणं म्हणजे समुद्रात अर्धवट राहिलेलं काम आपल्या हाताने पूर्ण करणं.

कंट्रोलरच्या पायांखाली हिरवी गंज शिरली होती, त्याचा भरवसा नव्हता. चिप उचलून थेट वाचायची असं ठरवलं. पण इतका काळ पाण्यात राहिलेल्या चिपच्या इपॉक्सीत ओलावा मुरलेला असतो. तिला एकदम गरम हवा दिली तर त्या ओलाव्याची वाफ होते आणि चिप आतून फाटते. म्हणून आधी ती ओव्हनमध्ये सुकवायची. तिथेही पेच असतो. उष्णता जितकी जास्त तितके कोठड्यांतले इलेक्ट्रॉन लवकर गळतात, आणि आधीच बराच काळ वीज न मिळालेल्या चिपमधून मला एकही गमवायचा नव्हता. घाई असती तर १२५ अंशांवर काम लवकर उरकलं असतं. मी ८० अंशांवर ठेवून जास्त वेळ थांबले. तळाचं थंड पाणी त्या इलेक्ट्रॉनांना मानवलं असणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते.

त्याच वेळी मॅडमचा फोन आला. असं कार्ड वाचल्याचं एखादं उदाहरण आहे का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना बिल बिगार्टबद्दल सांगितलं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये हा वृत्तछायाचित्रकार जुळ्या मनोऱ्यांचे फोटो काढत होता आणि दुसरा मनोरा कोसळला त्यात गेला. ढिगाऱ्यातून त्याचं सामान मिळालं. डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स उखडलेली, सगळीकडे राख, पण आतलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड शाबूत. त्यावर सुमारे दीडशे फोटो निघाले आणि शेवटच्या फोटोवरची वेळ सकाळी १०:२८ ची होती. मॅडम म्हणाल्या, "पण ते पाण्यात नव्हतं." खरं होतं. मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही.

चिप काढताना नेहमीच्या सोल्डरच्या, म्हणजे चिपचे पाय बोर्डाला जोडणाऱ्या डाखाच्या, वितळबिंदूपर्यंत, म्हणजे २१७ अंशांच्या वर, मला जायचं नव्हतं. बिस्मथ असलेलं, कमी तापमानाला वितळणारं मिश्रण मी पायांवर पसरलं. ते जुन्या सोल्डरमध्ये मिसळतं आणि सगळंच लवकर सैल होतं. चिप हळूच उचलली गेली आणि तिच्यासोबत तीन पाय तुटून मागे राहिले. मी लगेच आराखडा काढला. अशा मेमरी चिपच्या ४८ पायांपैकी निम्मे तरी कशालाच जोडलेले नसतात. तुटलेल्यांतले दोन त्यातले निघाले. तिसरा माहितीच्या आठ रेषांपैकी एकीचा होता. तिथलं इपॉक्सी धारदार पात्याने खरवडून आतला धातूचा ठिपका उघडा केला आणि त्यावर केसभर तार बसवली. अशा कामाला मी श्वास सोडल्यावरच हात लावते, कारण श्वास घेताना हात हलतो.

यावेळी ओळख विचारली तेव्हा उत्तर आलं. बनवणाऱ्याचा संकेत, चिपचा प्रकार, सगळं बरोबर. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले.

चिप वाचली म्हणजे फोटो मिळाले असं मात्र होत नाही. ८१९२ बाइटांचं एकेक पान, त्यामागे चूक-दुरुस्तीचे संकेत, आणि कंट्रोलरने लिहिताना मुद्दाम घुसळलेली माहिती. त्याच घराण्याच्या कंट्रोलरचा घुसळण्याचा साचा आमच्याकडे होता. तो उलटा लावला, तुकडे क्रमाने रचले आणि जेपेग फाइलच्या सुरुवातीच्या खुणा शोधल्या. त्या मिळाल्या. पण काही पानांत चुका इतक्या होत्या की संकेतांना झेपेनात. अशी पानं वाचण्याचा व्होल्टेज उंबरठा थोडा थोडा खाली सरकवत पुन्हा वाचली, कारण गळून गेलेल्या भारामुळे कोठड्यांची पातळी खाली आलेली असते. बरीच पानं अशी सुधारली, थोडी सुधारली नाहीत.

मॅडम स्वतः आल्या. मी पडद्यावर फोटो ओळीने उघडले. निळसर पाणी, पिवळी मोजपट्टी, चौकट आणि तिच्यात तपकिरी, जांभळे, हिरवट प्रवाळ. काही फोटोंच्या खालच्या भागात करडे पट्टे होते. तिथलं पान परत आलं नव्हतं, हे मी दाखवून दिलं. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची जवळ ओढली आणि पट्ट्यांचे फोटो आधी दाखवायला सांगितलं.

"चौकटीचा वरचा तीन-चतुर्थांश भाग दिसतोय ना? मग पट्ट्याखालचं क्षेत्रफळ वजा करून टक्केवारी काढता येते," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून वही काढून माझ्याच टेबलावर मोजायला बसल्या. पहिल्या चौकटीचं मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, मूळ चिपची कच्ची प्रत मिळेल का, पुढे पट्टे सुधारायची चांगली पद्धत निघाली तर? मी ती त्यांना द्यायचीच ठरवली होती. दुसऱ्या ड्राइव्हवर तिची नक्कल सुरू केली आणि चिप ओलावा न शिरणाऱ्या पाकिटात सीलबंद करायला घेतली.