आईच्या गुडघ्यांनी आखलेले लिस्बन

२०१८ साली आम्ही नवरा-बायको पोर्तुगालच्या लिस्बनला पाच दिवस राहून आलो आणि परतीच्या विमानातच पुन्हा यायचे असे ठरवून टाकले. असले ठराव एरवी घरी परतल्यावर पहिल्याच सोमवारी, सकाळच्या लोकलच्या गर्दीत विरून जातात. हा टिकला, कारण तिथल्या पिवळ्या ट्रामचा मोबाईलवर काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ आईने पाहिला आणि तेव्हापासून ती तो महिन्या-दोन महिन्यांनी मागून पुन्हा पाहते. आईचे बालपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेले. मुंबईतील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, तेव्हा ती सतरा वर्षांची होती. लालबागला मावशीकडे जायचे ते ट्रामनेच. ‘दादर टीटी’मधला पहिला ‘टी’ ट्रामचा, हे आज टॅक्सीवाल्यांनाही ठाऊक नसते; पण आईच्या लेखी तिथून ट्राम सुटायची ती काल-परवापर्यंत. यंदा ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि या खेपेला आमच्याबरोबर येणार आहे.

अडचण अशी की लिस्बन हे टेकड्यांवर वसलेले शहर असून आईचे दोन्ही गुडघे दुखरे आहेत. मागच्या खेपेला आम्ही अल्फामा या जुन्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात राहिलो होतो आणि त्या जिन्याचे आम्हाला कौतुकच वाटले होते. तेथील पदपथ चुनखडीच्या नि बेसाल्टच्या लहान लहान दगडांनी फरसबंद केलेले असतात. वर्षानुवर्षे पावले पडून ते दगड इतके गुळगुळीत झालेले असतात की पावसाची एक सर आली तरी चढावर पाय घसरतो. त्यामुळे मला मनापासून आवडलेले लिस्बन मी जवळजवळ सगळेच यादीतून खोडले आणि नकाशा सपाट भागापासून पुन्हा वाचायला घेतला.

सपाट भाग म्हणजे बायशा. १ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी, सर्व संतांच्या सणाला चर्चमध्ये माणसे जमलेली असताना झालेल्या भूकंपाने, त्यामागून आलेल्या लाटांनी आणि आगीने हा भाग नष्ट झाला. पुढे राजाचा प्रधान पोंबाल याच्या कारकिर्दीत तो सरळ, काटकोनी रस्त्यांनी नव्याने बांधण्यात आला आणि इमारतींच्या भिंतींत भूकंपाचे धक्के सोसणारे लाकडी सांगाडे घालण्यात आले. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या आखणीचा उपयोग आईच्या गुडघ्यांना होणार आहे. बायशातून वरच्या शियादो भागात जायला मेट्रो स्थानकाचे लांबलचक सरकते जिने आहेत, आणि तिथून कार्मोचा मठ जवळ आहे. भूकंपात त्याचे छप्पर कोसळले, ते पुढे पुरते कधी घातलेच गेले नाही. नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. मागच्या वेळी मी तिथे दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडलो होतो. आता आईला दर अर्ध्या तासाने बसावे लागते, तेव्हा मलाही बसणे भाग आहे.

तारखांवरून घरात बराच वाद झाला. लिस्बन मे-जूनमध्ये सर्वांत देखणे असते, जॅकरंडा जांभळ्या फुलांनी भरतो आणि १२ जूनच्या रात्री संत अँथनीच्या सणाला गल्लोगल्ली निखाऱ्यांवर सार्डिन, म्हणजे आपल्या तारल्यांची भावंडे, भाजली जातात. आईने मे महिना ऐकताच साफ नकार दिला. हापूस सोडून ती कुठेही जाणार नाही. हापूस हे नाव आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगिजाच्या नावावरून आले, हे मी सांगितल्यावर ती म्हणाली, “मग त्याच्याच गावाला जायला त्याचाच आंबा कशाला सोडायचा?” अखेर आमचा पाच दिवसांचा गणपती आटोपल्यावर निघायचे आणि पितृपक्षात बाबांच्या तिथीच्या आत परत यायचे, असे ठरले. सप्टेंबरात हवा कोरडी असते. ऑक्टोबरपासून पाऊस वाढतो आणि मग त्या दगडांचा भरवसा नाही.

भाषेची आईला मुळीच चिंता नाही. मागच्या खेपेला स्वयंपाकघरातला नळ गळू लागला, तेव्हा वृद्ध घरमालकीण वर आली आणि ‘बाल्द, बाल्द’ असे काहीतरी म्हणू लागली. बायकोने न विचारता बादली पुढे केली आणि दोघी हसू लागल्या. चावी, साबण, पाव, परात, पगार आणि बादली हे सगळे शब्द आपल्याकडे तिकडूनच आले. मुंबई बेटही १६६१ च्या विवाहकरारानेच पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे गेले. आईने वहीत अशा शब्दांची यादी केली असून त्यात स्वतःच्या अंदाजाने चार-दोन शब्द घुसडले आहेत. ते मी खोडलेले नाहीत.

ट्रामविषयी मात्र मला भीती वाटत होती. ३ सप्टेंबर २०२५ रोजी तिथली ग्लोरिया ही चढावरची केबलवरची गाडी रुळांवरून घसरली आणि सोळा माणसे मेली. दोन डबे एका केबलने जोडलेले असतात, एक उतरताना दुसरा चढतो, आणि त्या दिवशी केबलच निसटली. आम्ही दोघे त्याच गाडीत दोनदा बसलो होतो. आईने बातमी शांतपणे पाहिली आणि आपण ज्यात बसणार तीही केबलवरच चालते का, एवढेच विचारले. नाही, अठ्ठावीस क्रमांकाची ट्राम विजेवर चालते, पण ती पर्यटकांनी खच्चून भरलेली असते. म्हणून सकाळी लवकर, कांपू द ओरीकच्या टोकाला, जिथून ती सुटते तिथेच चढायचे. तिच्या पायऱ्या उंच आहेत. आईला खालून एक हात आणि वरून एक हात लागेल. शहराच्या पश्चिमेकडच्या बेलेम भागात जायला मात्र नदीकाठाने जाणारी, बुटक्या फरशीची पंधरा क्रमांकाची.

व्हिसाचे काम अजून बाकी आहे. तीस हजार युरोंचा प्रवास विमा आईच्या वयाला महाग पडला, पण मिळाला. खरी काळजी तिच्या बोटांची आहे, कारण व्हिसासाठी ठसे द्यावे लागतात. भांडी घासून ठसे झिजले आहेत. बँकेतल्या यंत्राने मागे तीनदा तिला ओळखायला नकार दिला होता. हल्ली ती रोज रात्री बोटांना खोबरेल तेल चोळते.

बायशातले घर मात्र ठरले. जाहिरातीत लिफ्ट होती, पण फोटोत लिफ्टच्या आधी पाच पायऱ्या दिसत होत्या. मी मालकाला त्यांची उंची विचारली. अठरा सेंटिमीटर, असे त्याने कळवले. आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, जिन्यात जाऊन आमच्या इमारतीच्या पायरीचे माप घेतले आणि दारातूनच ओरडून सांगितले, “साडेसतरा. चालेल!”