सिरॅमिक ग्रिल २३ वेळा पेटवल्यावर

मागची नोंद लिहिली तेव्हा ९ वेळा ग्रिल पेटवून झाला होता आणि माझी तक्रार एकच होती, आच हातात राहत नाही. आता २३ वेळा झालं आणि आच राहते आहे. कशामुळे, ते सविस्तर लिहिते. आपल्यातले बरेच जण पत्र्याच्या ग्रिलवरून इकडे येतात आणि माझ्याच चुका त्यांच्याही वाट्याला येतात, हे मी पाहिलंय.

पत्र्याच्या ग्रिलवर आच चढली की उतरवता येते, कारण पत्रा पाच-दहा मिनिटांत निवतो. इथे भिंत बोटभर जाडीची, भाजलेल्या सिरॅमिकची. ती तापायला वेळ घेते आणि एकदा तापली की लवकर निवत नाही. झाकणावरचा काटा दाखवतो ते आतल्या हवेचं तापमान, भिंतीचं नव्हे. सुरुवातीला काटा १२० अंशांवर आला की मी लगेच मांस ठेवायचे. तेव्हा भिंत अजून गारच असायची आणि कोळशातली बरीचशी उष्णता तीच पिऊन टाकायची. अर्ध्या तासाने भिंतीचं पोट भरलं की तोच विस्तव हवा तापवायला लागायचा आणि काटा १६० वर. मग मी घाईने हवेची दोन्ही तोंडं, म्हणजे खालचं दार आणि वरची चकती, बंद करायचे, निखारे गुदमरायचे, दाट पांढरा धूर निघायचा आणि मांसाला कडवट चव यायची. पहिल्या ९ वेळांपैकी ६ वेळा हेच झालं, वहीत लिहिलेलं आहे.

दहाव्या वेळेपासून दोन गोष्टी बदलल्या. एक, कोळसा एकाच जागी पेटवते, मधोमध, कापसाच्या एका छोट्या बोळ्याने. पूर्वी तीन-चार जागी पेटवायचे, म्हणजे विस्तव सुरुवातीलाच गरजेपेक्षा मोठा. दोन, आच चढत असतानाच तिला धरते. ११५ हवे असतील तर ९० ला खालचं दार अर्धं करते, १०० ला वरची चकती जवळजवळ मिटवते आणि शेवटचे १५ अंश सावकाश चढू देते. त्यानंतर पाऊण तास काहीही करत नाही. हा पाऊण तास माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. भिंत आणि हवा एका पातळीवर आली की काटा जागचा हलत नाही. तेव्हाच मांस ठेवते.

खालच्या दाराच्या चौकटीवर मी खडूने तीन रेघा मारल्या आहेत. ११५ साठी पहिली रेघ, म्हणजे दार जेमतेम करंगळीच्या जाडीइतकं उघडं. तुमच्या ग्रिलवर ती रेघ दुसरीकडे येईल, पण रेघ माराच. झाकणावरचा थर्मामीटरही एकदा उकळत्या पाण्यात धरून पाहा. माझा ९२ दाखवत होता. आठ अंशांची चूक मी किती महिने खरी मानून चालले होते!

कोळशाबद्दल थोडक्यात. लाकडाचा ढेकळी कोळसाच वापरते, कारण राख कमी पडते आणि लांबच्या शिजवणीत खालची हवेची वाट तुंबत नाही. मोठे तुकडे तळाला, बारीक वर. रॉकेल किंवा पेटवायचं कुठलंही द्रव अजिबात नको. सिरॅमिक सच्छिद्र असतं, वास धरून ठेवतं. शिजवून झालं की दोन्ही तोंडं बंद करायची. विस्तव विझतो, उरलेला कोळसा पुढच्या वेळी राख झटकून परत वापरता येतो.

अकराव्या वेळी मनगटावरचे केस जळाले. ग्रिल ३०० च्या वर गेला होता, मी दोन्ही तोंडं मिटवली आणि दोन मिनिटांनी झाकण एकदम उचललं. आत प्राणवायूला आसुसलेला विस्तव, त्यात हवा एका झटक्यात शिरली आणि ज्वाळा बाहेर आली. तेव्हापासून झाकण आधी दोन बोटं उचलते, क्षणभर थांबते, टेकवते, पुन्हा उचलते. तीनदा असं केल्याशिवाय पूर्ण उघडत नाही. घरातल्या कुणालाही ग्रिलला हात लावण्याआधी मी हेच शिकवते.

आता या सगळ्यामागची मोठी भेट, अठरावी वेळ. डुकराच्या खांद्याचा हाडासकट ३.५ किलोचा तुकडा. आदल्या दिवशी वजनाच्या साधारण १ टक्का मीठ चोळून झाकण न घालता फ्रिजमध्ये ठेवला. रात्री दहाला जाळीवर चढवला, खाली उष्णता अडवणारी सिरॅमिकची तबकडी, ११५ अंश. पहाटे तीनला मांसाच्या पोटात ७१ आणि तिथून काटा सातपर्यंत हललाच नाही. पूर्वी अशा वेळी मी आच वाढवायचे. खरं म्हणजे तेव्हा मांस घामाघूम झालेलं असतं. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि आलेली उष्णता त्यातच खर्ची पडते. पाणी कमी झालं की तापमान आपोआप पुढे सरकतं. या वेळी मी खुर्ची टाकून नुसती बसून राहिले. रात्रभरात खालच्या दाराला एकदाही हात लागला नाही आणि काटा ११२ ते ११८ च्या बाहेर गेला नाही.

सकाळी अकराला आत ९५. सळई घातली तर लोण्यात सुरी जावी तशी गेली. टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवला, मग हाड धरून ओढलं आणि ते कोरडं, पांढरंशुभ्र बाहेर आलं, त्याला मांसाचा एक धागाही नाही. बाहेरची साल जवळजवळ काळी, बोटाने दाबली तर आधी कुरकुरली आणि मग खालून रस पाझरला. आतले चिवट पडदे विरघळून चिकट, चमकदार झाले होते. तो पहिला घास मी उभ्यानेच खाल्ला.

इतका रस का टिकतो, याचं उत्तरही भिंतीतच आहे. उष्णता बाहेर जात नाही म्हणून विस्तव छोटा पुरतो. विस्तव छोटा म्हणून हवा थोडी लागते. आणि मांसावरून जाणारी हवा थोडी, म्हणून ते वाळत नाही. मात्र याच दमटपणाने कोंबडीची कातडी माझ्याकडे चार वेळा रबरासारखी झाली. उपाय सापडला तो असा, आच १९० ते २००, जाळी उंचावर म्हणजे घुमटाच्या धगीजवळ आणि मीठ लावलेली कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये उघडी. छाती ७४ ला काढते, मांडी ८० च्या पुढे जाऊ देते.

एक बिघाडही नोंदवते. विसाव्या वेळी, बंद केलेल्या ग्रिलमधला कोळसा सकाळी संपूर्ण राख झालेला आढळला. झाकणाच्या कडेची, फट बंद ठेवणारी नमद्याची पट्टी जोरदार आचेने एका बाजूला जळून गेली होती आणि तिथून हवा शिरत होती. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण मिटलं आणि ओढून पाहिलं तर तिथे कागद अलगद निसटला, बाकी ठिकाणी घट्ट. जुनी पट्टी खरवडून, ॲसिटोनने पुसून नवी चिकटवली आणि एक दिवस वाळू दिली.

सध्या अडलेय ते मटणाच्या मांडीवर. आधी मंद आचेवर शिजवून शेवटी तेज आचेवर खरपूस करायची आहे. पण तापलेली तबकडी बाहेर काढून आच ३०० ला न्यायला २० मिनिटं जातात आणि तेवढ्यात बाजूला ठेवलेलं मांस आतल्या आत आणखी ५-६ अंश चढतं. ५२ ला काढलेली मांडी त्यामुळे दोन्ही वेळा मला हवी त्यापेक्षा जास्त शिजली. रविवारी ४६ ला काढून बघणार आहे आणि तबकडी अर्धीच ठेवणार आहे, म्हणजे उघड्या बाजूचे निखारे आधीपासूनच तयार असतील. अर्धी तबकडी वापरून कुणी हे केलं असेल तर मांस किती अंशांवर काढलंत, तेवढं कळवा.