म्हैस बिचकू नये म्हणून

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर जेमतेम अर्धं वर गेलं होतं, तोच दोघं दारात. एकाच्या खांद्याला धनुष्याची बॅग, दुसऱ्याच्या हातात डेअरीच्या पावत्यांची चळत. आले होते एकाच मोटारसायकलवरून, आणि वाटभर भांडत आले होते हे चेहऱ्यांवरून दिसत होतं.

बॅगवाले अमेरिकेत विस्कॉन्सिनला बरीच वर्षं नोकरी करून कायमचे गावी परतलेले. मेढ्याच्या रस्त्याला घर, मागे शेत. पावत्यावाले त्यांचे चुलते, तात्या. दोघांचा बांधाला बांध, आणि बांधापलीकडे तात्यांचा गोठा.

"ह्यांनी बाण सोडला की म्हस बिचकती," तात्यांनी सुरुवातच केली. "बिचकली की पान्हा चोरती. ह्या बघा पावत्या. सात फॅट लागायची, ती साडेपाचावर आलीया. डेअरीतला पोरगा मलाच इचारतोय, तात्या पाणी घालताय का म्हणून!"

पुतण्या कसनुसं हसला. "मी सगळे सायलेन्सर लावलेत हो. तात्यांना उगाच वाटतंय."

मी गोडोलीत हाच धंदा करतो. कंपाउंड, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेली धनुष्यं जुळवायची, स्ट्रिंग-केबल बदलायच्या, त्या चाकांचं, म्हणजे कॅमचं, टायमिंग बसवायचं. साताऱ्यात या कामाला तोटा नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या साताऱ्यात सराव करणाऱ्या दोघांनी कंपाउंडची वैयक्तिक जागतिक सुवर्णपदकं आणली, तेव्हापासून तर घरटी एक पोरगं धनुष्य मागतंय. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे म्हटल्यावर पालकही मागे लागलेत. पण एवढ्या सगळ्यांत "धनुष्याचा आवाज कमी करून द्या" असं कुणी म्हणालं नव्हतं. ५० मीटरवरच्या कागदी टार्गेटला कान नसतात.

बॅग उघडली. आत शिकारीचं धनुष्य होतं. स्पर्धेच्या धनुष्यापेक्षा आखूड, झाडपाल्याच्या रंगाचं, अंगालाच बाणांचा भाता अडकवलेला. मी आधी विचारलं, "साहेब, मारणार काय याने?" सह्याद्रीच्या कुशीत हा प्रश्न विचारावाच लागतो. भेकर असो की रानडुक्कर, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. तात्या मध्येच म्हणाले, "डुकरं भुईमूग उकरत्यात, ती मारली तर म्हशीचं बी चालवून घेईन." मी म्हटलं, तसं असेल तर बॅगची चेन लावा आणि चहा पिऊन जा. साहेबांनी लगेच हात जोडले. तिकडे परवाना काढून, हंगामात हरणाच्या मागे जायचे. इकडे फक्त टार्गेट. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे बरोबर धारेच्या वेळेला.

आता, शिकारीच्या धनुष्याचा आवाज हा तिकडे खरंच मोठा विषय आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कितीही जोरदार कंपाउंड घ्या, बाण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे फारसा जात नाही. २० मीटरवरच्या हरणाला स्ट्रिंगचा खटका सहा शतांश सेकंदात पोहोचतो आणि बाणाला जवळपास पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हरीण उडी घ्यायला म्हणून आधी पाय मुडपून खाली दबतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. साहेबांनी हे स्वतः अनुभवलं होतं. तरी हौस वेगाचीच! "माझं २९०च्या खाली येत नाही," हे त्यांनी दोनदा ऐकवलं. २९० फूट सेकंदाला, म्हणजे ८८ मीटर.

धनुष्य बेंचवर घेतलं. स्ट्रिंगवर रबराच्या झिपऱ्या, दोन्ही लिंब्सवर (वर-खालच्या लवणाऱ्या पात्यांवर) रबरी बटणं, पुढे तोल सांभाळणारी जाडजूड दांडी, म्हणजे स्टॅबिलायझर. ऑनलाइन मिळतं ते सगळं चिकटवलेलं. या वस्तू वाईट नाहीत. पण त्या लावल्या की हाताला बसणारा हादरा कमी होतो, आणि हाताला मऊ लागलं की माणूस समजतो आवाज गेला.

मी बाण न लावता स्ट्रिंग बोटाने हलकेच छेडली. (छेडली म्हणतोय. बाणाशिवाय ओढून सोडायची नाही कधी. सगळी ताकद धनुष्यातच फुटते, लिंब चिरते, कॅम वाकतो.) छेडल्यावर कुठेतरी बारीक झर्रर्र. मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर कारागीर धागा सरकवून मुद्दाम जवारी काढतात. आमचं काम नेमकं उलटं, कुठे जवारी लागलीय ते शोधून मारायची. एकेका भागावर बोट ठेवून छेडत गेलो. नेम धरायच्या साइटच्या पिनेवर बोट ठेवलं, झर्रर्र तशीच. स्ट्रिंगमधल्या बघायच्या भोकावर, म्हणजे पीपवर, तशीच. भात्यावर ठेवलं आणि गप्प. भात्यातल्या दोन बाणांची पिसं एकमेकांना घासत होती आणि भात्याचा स्क्रू पाव आटा सैल होता. स्क्रू आवळला आणि टार्गेटवर मारताना भाता काढून ठेवायचा, असं बजावलं.

दुसरं सापडलं ते स्ट्रिंग-स्टॉपवर. स्ट्रिंग पुढे येऊन ज्या रबरावर थांबते ते रबर. स्ट्रिंग स्वस्थ असताना ती आणि रबर यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट हवी. इथे रबरात खोल खाच पडलेली, फट करंगळी जाईल एवढी. म्हणजे स्टॉप होता, पण स्ट्रिंग त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच नाचून घेत होती. रबर बदललं, त्याची दांडी स्ट्रिंगकडे सरकवली. तिसरं, बाण ज्यावर टेकतो आणि सुटताना जो खाली पडतो तो रेस्ट: त्याचा काटा उघड्या धातूवर आपटत होता. तिथे फेल्टची पट्टी. केबलची सरक कोरडी पडली होती, तिला नावापुरतं वंगण. नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, स्ट्रिंगवर इतका घट्ट की सुटताना स्वतंत्र टक् वाजायची. बाण स्ट्रिंगला लटकला पाहिजे आणि स्ट्रिंगवर टिचकी मारली की पडला पाहिजे. यांचा ओढूनही निघेना. धनुष्य दाबून धरणाऱ्या प्रेसमध्ये घालून कॅम पाहिले तर वरचा आधी टेकत होता, खालचा मागून. केबलला एक पीळ देऊन दोन्ही एकदम आणले.

दुकानातल्या बोळकांडीत साहेबांनी बाण मारला. "वा! मेला आवाज," म्हणाले.

तात्या म्हणाले, "म्हशीला इचारा."

आणि ते बरोबर होतं. मारणाऱ्याचा कान धनुष्याच्या मागे असतो, जनावराचा पुढे. मोबाइलमधलं डेसिबलचं अॅपही या कामाला बिनकामाचं, क्षणभराचा खटका त्याला नीट पकडता येत नाही. ऐकायचं तर जिथे जनावर उभं असतं तिथे जाऊन. म्हणून मी संध्याकाळी दुकान पोराच्या हवाली केलं, वजनकाटा आणि वेगवेगळ्या वजनांचे बाण पिशवीत घातले आणि त्यांच्या मागोमाग निघालो.

म्हैस पंढरपुरी. तलवारीसारखी लांब शिंगं पार पाठीपर्यंत गेलेली, आणि स्वभावाने महामानी. तात्यांनी आंबोण पुढे ठेवलं, रेडकू दोन चुसण्या मारायला सोडून बाजूला घेतलं, चरवी गुडघ्यांत धरून बसले. मी गोठ्याच्या कडेला उकिडवा. साहेब बांधापलीकडे, आमच्यापासून वीसेक मीटरवर. मी हात वर केला की बाण सोडायचा, असं ठरलेलं.

पान्हा सुटला, सडं टरारली, चरवीत धार घुमू लागली. मी हात केला.

गोठ्यातून तीन आवाज वेगवेगळे ऐकू आले. आधी धनुष्याचा धप्प. मग बाणाची सळसळ. आणि शेवटी टार्गेटवरून धडाम! पहिल्या आवाजाला म्हशीचे कान माझ्या डोळ्यांदेखत मागचे पुढे आले, मान वर, रवंथ बंद. तिसऱ्याला तिने पाय उचलला आणि तात्यांनी चरवी मागे ओढली. धार बारीक होत होत थांबली.

"बघितलंसा?" तात्या मला म्हणाले. चिडून नव्हे, जिंकल्यासारखे.

म्हशीचं दूध बहुतेक सगळं कासेत वरच साठलेलं असतं, सडाजवळच्या पोकळीत फार थोडं. ती पान्हावल्याशिवाय ते खाली उतरतच नाही, आणि घाबरली की अंगातलं ॲड्रिनलिन पान्ह्याला आडवं येतं. शिवाय धारेच्या शेवटच्या दुधात स्निग्धांश सगळ्यात जास्त. ते कासेतच राहिलं की पावतीवर फॅट पडणारच. तात्या पाणी घालत नव्हते.

धडामचं कारण सोपं निघालं. साहेबांनी फोमचं टार्गेट शेडच्या पत्र्याला टेकवून उभं केलं होतं. बाण फोमात, ठोका पत्र्यात, पत्रा सगळ्या शिवारात. टार्गेट तिथून काढून मातीच्या बांधाला लावलं, मागे जुनी कापडं ठासून भरलेली दोन पोती.

धप्पचं काम अवघड होतं, कारण त्याला स्क्रू-रबराचा इलाज नव्हता. धनुष्य ओढताना आपण जी ताकद भरतो, त्यातली बरीचशी बाण घेऊन जातो. बाणाने न नेलेली स्ट्रिंगमध्ये, केबलमध्ये, लिंब्समध्ये थरथरत राहते, आणि ती थरथर म्हणजेच आवाज. हलका बाण पळतो भरारा, पण नेतो कमी. साहेबांचा बाण काट्यावर घातला: ३१० ग्रेन, म्हणजे २० ग्रॅम. धनुष्य ६० पाउंडाचं, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारं. पाउंडाला निदान ५ ग्रेन बाण असावा, असं कंपन्या बजावतात. हे त्या कडेवर उभे होते. मी पिशवीतून ४५० ग्रेनचा काढला, २९ ग्रॅमचा, जाड भिंतीचा, पुढच्या तोंडात पितळेचा तुकडा, म्हणजे इन्सर्ट. पुढचं वजन वाढवलं की बाण जास्त लवतो म्हणून स्पाइनने, म्हणजे न लवण्याच्या मापाने, ताठ बाण घेतलेला. पिसं बुटकी आणि सरळ बसवलेली, त्याने सळसळही कमी होते.

साहेबांनी तो हातात तोलला आणि तोंड वाकडं केलं. "याने २४५वर येईल."

"येईल."

"मग हरणाला उलट जास्तच वेळ मिळेल की."

"आवाजाच्या पुढे तुमचा २९०वालाही जात नाही. आणि साहेब, इथे हरीण कुठंय?"

दोन्हींच्या अंगातली ऊर्जा काढली तर जड बाणाची थोडी जास्तच भरते, हेही मी त्यांना मोबाइलवर हिशेब करून दाखवलं. पटलं असं नाही. वेगाचा आकडा हा पगाराच्या आकड्यासारखा असतो, खाली आलेला कुणाला आवडतो?

दुसऱ्या म्हशीची धार बाकी होती. तिच्याजवळ बसलो. मी हात केला. या वेळी धप्पच्या जागी एक बसका, लोकरीत गुंडाळल्यासारखा ठोका आला, आणि पोत्यात बाण घुसल्याचा भुस्स. बाण टार्गेटच्या खालच्या काठाला लागला होता, कारण पिना जुन्या वेगाला लावलेल्या. म्हशीने एक कान फिरवला. आंबोणातून तोंड काढलं नाही. धार चालू राहिली. पुन्हा हात केला, पुन्हा तेच. तात्यांनी मान वर न करता डाव्या हाताने मला "चालू द्या" अशी खूण केली.

पैशांवरून पुन्हा जुंपली. तात्यांचं म्हणणं, म्हैस माझी पण दोष धनुष्याचा. पुतण्याचं म्हणणं, काम म्हशीसाठी झालं. शेवटी साहेबांनी दिले आणि तात्यांनी माझ्या पिशवीत खरवसाची वडी टाकली, तीही पुतण्याला न देता.

जड बाणाला पिना नव्याने लावून दिल्या, पण हलके बाण टाकून द्यायला साहेब तयार होईनात. दुपारी म्हशी रानात असतात, तेव्हा मारीन म्हणाले. हरकत नव्हती, फक्त पिनांचा घोळ होणार होता; जड बाणाच्या पिनेने हलका मारला तर तो टार्गेटच्या वरून बांधात जायचा. म्हणून जड बाणांना लाल नॉक बसवले, हलक्यांना पांढरे, आणि प्रत्येकाची पिन साइटवर रंगवून दिली.

परवा साहेब स्ट्रिंगला मेण घ्यायला दुकानात आले होते. फॅट पुन्हा सहाच्या वर गेलीय म्हणे. लाल-पांढऱ्याचा हिशेब त्यांच्याआधी तात्यांना पाठ झालाय. धारेच्या वेळी बांधावर पांढरा नॉक दिसला की गोठ्यातून हाक येते, "बापू, दुपारचा हाय त्यो!"